ओव्हाळांची तपासणी

दशरथ ओव्हाळांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर प्लायवूडचा एक फळा ठोकलेला होता. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं झारा, उलथणं, पळी, सांडशी, किसणी अशा सगळ्यांच्या आकृत्या काढलेल्या होत्या आणि प्रत्येक आकृतीच्या डोक्याशी एक खिळा होता. जेवणं आटोपली की ओव्हाळ पाणी प्यायला म्हणून आत यायचे, फळ्याकडे बघायचे आणि एखादी जागा रिकामी दिसली तर त्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायचे.

"सांडशी."

एवढंच. ना कुणाला उद्देशून, ना रागावून. मग सांडशी सापडून खिळ्यावर जाईपर्यंत ते तिथून हलत नसत.

सोनाली लग्न होऊन नागपूरहून विश्रांतवाडीच्या या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून सांडशी गॅसच्या मागे पडली. सासरे दारात उभे, सासू ओट्याखाली वाकलेली, आणि नवरा जेवणाच्या टेबलाशी गप्प. ओव्हाळांनी सुनेला समजावलं की हँगरमध्ये प्रत्येक हत्याराला रबरात कापलेली त्याची स्वतःची जागा असते. जागा रिकामी दिसली की हत्यार विमानात राहिलं, असं धरून चालायचं. ते मिळेपर्यंत विमान उडत नाही.

"पण बाबा, आपल्या घरात काय उडून राहिलं आहे?" सोनालीनं हसत विचारलं.

कुणी हसलं नाही. प्रज्ञेश ताटात बघत राहिला. सुंदराबाई ओट्याखालूनच म्हणाल्या, "तुमच्या नागपुरात सगळं पडूनच राहत आसंल."

त्या दिवसापासून सोनालीनं त्या घरात विनोद करणं सोडलं आणि वाकडला फ्लॅट बघायला सुरुवात केली.

ओव्हाळ मूळचे लोणी काळभोरचे. आयटीआय करून ते विमानतळाच्या दुरुस्ती कारखान्यात फिटर म्हणून लागले, परीक्षा देत देत वर चढले, आणि पुढं लोहगावच्या अंगाला नव्या लढाऊ जेट विमानाच्या नमुन्याचं काम सुरू झालं तेव्हा त्यांना तिथं तपासनीस म्हणून घेतलं. विमान कसं उडतं, हे बघणारे तिथं पुष्कळ होते. ओव्हाळांनी बघायचं ते एवढंच, की विमानात जे असायला नको ते काही राहिलं नाही ना. उड्डाणाच्या सकाळी ते माणसांना खांद्याला खांदा लावून रांगेत उभं करायचे आणि धावपट्टीवरून खाली बघत चालवायचे. खडा, वायसर, बाटलीचं बूच, जे दिसेल ते उचलायचं. एकदा एका उपसंचालकांच्या सफारीचं बटण तुटकं निघालं, तर ओव्हाळांनी त्यांना बटणाचा उरलेला तुकडा सापडेपर्यंत हँगरबाहेर उभं केलं होतं. लोक त्यांना पाठीमागे 'खडेवेचे' म्हणत. तोंडावर कुणी काही म्हणत नसे, कारण तोंडावर त्यांच्याशी कुणी फारसं बोलतच नसे. रिटायर व्हायला थोडे महिने उरले होते. नंतर दोन वर्षं मुदतवाढ मिळेल, असं वरच्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं आणि ओव्हाळांनी ते घरी एकदाच, जेवता जेवता सांगितलं होतं. सुंदराबाईंनी तेव्हा नुसतं हुश्श केलं. हा माणूस दिवसभर घरात बसला तर काय होईल, याची त्यांना धास्ती होती.

सोनाली हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. विमान उडताना त्यातल्या हजार गोष्टींची नोंद करणारं एक यंत्र कॉकपिटमध्ये बसवलेलं होतं. त्याच्या सॉफ्टवेअरचं काम तिच्या कंपनीकडे आलं, आणि तिचा मॅनेजर सुदर्शन तिला म्हणाला, "तू विश्रांतवाडीलाच राहतेस ना? आणि फादर-इन-लॉ तिथेच आहेत. मग साइटवर तूच जा. क्लायंटनं चांगला फीडबॅक दिला की तुझं कन्फर्मेशन मी बघतो."

कन्फर्मेशन म्हणजे दोघांचा पगार दाखवून गृहकर्ज, गृहकर्ज म्हणजे वाकडचा फ्लॅट. त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर सोनालीनं दोनदा जाऊन पाहिलं होतं. भिंती स्वच्छ, पांढऱ्या, एकही खिळा नसलेल्या. तिला आयुष्याकडून सध्या तेवढंच हवं होतं.

पण हँगरमध्ये सासरा-सून एका छताखाली आले आणि घरातलं वैर तिथं जास्तच नीटनेटकं झालं. ओव्हाळ तिथं तिला 'मॅडम' म्हणत आणि तीही त्यांना 'ओव्हाळ साहेब' म्हणे. घरून निघायची वेळ एकच, पण ते त्यांच्या बजाज स्कूटरवर जात आणि ती टिंगरेनगरच्या चौकातून सिक्ससीटर रिक्षात कोंबून. प्रज्ञेशनं एकदा धीर करून विचारलं, "बाबा, तिला सोडलंत तर?"

"तपासणारा आणि कंत्राटी माणूस एका गाडीवर आलेले बरे दिसत नाहीत."

"लोक काय म्हणणारेत? सून आहे ती."

"म्हणूनच."

विमान लहानसं होतं. अंगावर अजून पुरता रंगही नव्हता, जागोजागी खालचं हिरवट-पिवळं अस्तर दिसत होतं. पहिल्या उड्डाणात त्यानं चाकंसुद्धा वर घेतली नव्हती. नुसतं उडायचं, एक फेरी मारायची आणि खाली यायचं. नंतर चाकं वर गेली, वेग वाढला. सहा उड्डाणं झाली होती. सातव्यात ते पहिल्यांदा आकाशात उलटं होणार होतं, पोट वर आणि पाठ खाली. ते बघायला दिल्लीहून माणसं येणार होती.

आदल्या दिवशी दुपारी सोनालीला कॉकपिटमध्ये चढायचं होतं. नव्या नोंदी घालून यंत्र तयार करायचं होतं. शिडीपाशी टेबल होतं आणि टेबलाशी मच्छिंद्र बसलेला. आत जाणाऱ्यानं अंगावरचं सगळं त्याच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचं, हा ओव्हाळांचा नियम. सोनालीनं घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, केसांतल्या पिना काढल्या, पेन ठेवलं आणि कापडी टोपी कानांवरून खाली ओढली. मच्छिंद्र ट्रेकडे बघत होता. बायकांच्या अंगाकडे बघायचं नाही, असं त्याला लहानपणीच शिकवलेलं होतं, आणि हँगरमध्ये बायका येतातच किती?

शिडीच्या मधल्या पायरीवर सोनालीला कानातले आठवले. खाली सुदर्शनचा फोन आलेला होता, मागे दोन जण खोळंबले होते. फिरकी पेचाची आहे, आजवर कधी पडली नाही, असं मनाशी म्हणून ती वर चढली.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा घरात चौघं जेवायला बसली. ओव्हाळांनी पहिला घास घेतला आणि ते सुनेकडे बघत राहिले.

"उजवं कानातलं सैल दिसतंय."

सोनालीचा हात कानाकडे गेला. खडा नुसता अडकलेला होता. मागे फिरकी नव्हती.

"पडली वाटतं कुठंतरी."

"कुठं?"

"काय माहीत. सिक्ससीटरमध्ये असेल."

"वर चढताना काढले होतेस?"

"हो."

"दोन्ही?"

"हो, बाबा."

ओव्हाळ उठले, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीतून त्यांनी मच्छिंद्रला फोन लावला. ट्रेमध्ये काय काय होतं, ते एकेक सांग म्हणाले. मच्छिंद्र सांगत होता आणि हे 'पुढं?' म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कानातले?" मग बराच वेळ ऐकलं आणि फोन ठेवला.

"तो म्हणतो, बाईमाणसाच्या कानाकडे कसं बघायचं, साहेब," ते दारातून म्हणाले. "काढले नव्हतेस."



"बाबा, रिक्षात पडली असेल," प्रज्ञेश म्हणाला. "उद्या केवढा मोठा दिवस आहे, दिल्लीची माणसं येतायत. तिचं कन्फर्मेशन आहे. एवढीशी ती फिरकी."

"रिक्षात पडली असेल तर रिक्षात सापडेल. सापडेपर्यंत ती विमानात आहे. उद्या ते उलटं होणार. आतलं जे सुटं असेल ते सगळं तरंगणार, आणि परत खाली येताना कुठं जाऊन बसेल ते सांगता येत नाही. विमान वळवायच्या दांड्याच्या बुडाशी बसली तर दांडा हलत नाही. वर माणूस असतो."

"ती तुमची सून आहे, बाबा."

"इथं."

सोनालीनं ताट पुढं सरकवलं. "तुम्हाला हेच पाहिजे होतं. मी आल्यापासून माझं काय चुकतं तेच शोधून राहिले तुम्ही. घरात सांडशी, तिथं फिरकी."

"शोधायला लागत नाही," ओव्हाळ म्हणाले.

तेवढ्यात सुंदराबाई उठल्या. त्यांनी मोरीपासून गॅलरीपर्यंत सगळं घर झाडलं, केराची टोपली वर्तमानपत्रावर उलटी केली, केर पिठाच्या चाळणीनं चाळला. सोनालीला आश्चर्य वाटलं. सासूनं आपल्यासाठी एवढं वाकलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं सुंदराबाई आतल्या खोलीतून चिमटीत काहीतरी धरून आल्या.

"घावली. पलंगाच्या पायाशी पडली व्हती."

ओव्हाळांनी चष्मा लावला. सुनेकडून कानातलं मागून घेतलं आणि फिरकी त्याच्या काडीला लावून बघितली. ती अर्धा आटाही फिरली नाही. त्यांनी मान वर करून बायकोच्या डाव्या कानाकडे पाहिलं. सुंदराबाईंची मोत्याची कुडी नुसती लोंबत होती.

"ही तुझी आहे."

"आसू द्या की. बसत न्हाई म्हणून कोन बघतंय?"

"मी."

"तुमी बघू नका एक दिस. पोरं जातील त्यांच्या घरला, मलाबी माझं सैपाकघर परत मिळंल. दोन वर्सं झाली, माझ्याच घरात मी चोरासारखी चहा करतीय."

सोनालीला कळलं की सासूनं केर चाळला तो आपल्याला वाचवायला नाही, घराबाहेर काढायला. एक प्रकारे दोघी पहिल्यांदाच एका बाजूला होत्या.

ओव्हाळांनी फिरकी बायकोच्या हातावर ठेवली आणि प्रकल्पप्रमुख दिगंबर पेंडसे यांच्या घरी फोन लावला. "साहेब, उद्या विमान मी वर सोडू शकत नाही," ते म्हणाले, आणि कारण सांगितलं. सुनेचं नाव सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. सोनालीनं ते ऐकलं आणि तिच्या मनात त्या माणसाबद्दल जी काय थोडी जागा शिल्लक होती, तीही रिकामी झाली.

सकाळी हँगरमध्ये दिल्लीची माणसं मंडपात चहा घेत बसली होती आणि विमान तसंच उभं होतं. खुर्ची काढायची म्हणजे आधी तिच्या खालची, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी स्फोटकं निकामी करायची, म्हणजे अर्धा दिवस गेला. सोनालीला बोलावून पिवळ्या पट्ट्याच्या आत उभं केलं होतं. हिंजवडीहून सुदर्शन आला होता आणि तो तिच्याशी अनोळखी माणसासारखा वागत होता.

"या, ओव्हाळ मॅडम," पेंडसे म्हणाले. त्यांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "दिल्लीच्या पाहुण्यांना आम्ही विमान दाखवणार होतो. आता दागिने दाखवू. कसं?"

"सॉरी, सर."

"नाही नाही, तुमचं काय चुकलं? घरचाच तपासनीस असल्यावर माणूस जरा निर्धास्त राहतो."

ओव्हाळ शिडीपाशी उभे होते. त्यांना ऐकू गेलं असावं, पण ते वर बघत राहिले. वर रतन नावाचा तंत्रज्ञ कमरेपर्यंत कॉकपिटमध्ये शिरला होता, त्याचे नुसते पाय दिसत होते. थोड्या अंतरावर वैमानिक श्रीधर स्टुलावर बसले होते, उड्डाणाचे कपडे अर्धे उतरवून. ते कुणाशीच बोलत नव्हते. हँगरमध्ये एकटे तेच ओव्हाळांना नावानं हाक मारत, आणि विमानात चढण्याआधी फक्त ओव्हाळांना विचारत, "दशरथ, जाऊ?" ओव्हाळ 'जा' म्हणाले की चढत. बाकी कुणाची सही त्यांनी कधी बघितल्याचं कुणाला माहीत नव्हतं.

"साहेब," रतन आतून म्हणाला.

"मिळाली?" पेंडशांनी विचारलं.

"फिरकी नाही, साहेब." रतन बाहेर आला. त्याचा हात मुठीत होता. तो खाली उतरला आणि कुणाकडे द्यावी ते न कळून त्यानं मूठ ओव्हाळांसमोर उघडली. "ही खुर्चीच्या खाली होती. दांड्याच्या बुडाजवळ. अडकलेली."

अख्खी सुपारी होती. वाळलेलं कुंकू अजून तिच्या खाचांतून दिसत होतं.

सगळ्यांना ती कुठून आली ते कळलं, कारण सगळे त्या दिवशी तिथं होते. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी पेंडशांच्या मिसेस पैठणी नेसून आल्या होत्या. चाकांपुढं नारळ फोडला होता. मग त्या शिडीवरून वर गेल्या, वैमानिकाच्या खुर्चीवर विड्याची पानं मांडली, त्यावर गणपती म्हणून सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. पानं खाली आली होती. सुपारी घरंगळलेली कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"हँगरमध्ये सुपारी काय, कोणीही खातं," पेंडसे म्हणाले.

"कुंकू लावून कोण खातं?" श्रीधर स्टुलावरून उठून आले. त्यांनी सुपारी ओव्हाळांच्या समोरून उचलली, तळहातावर तोलली. "म्हणजे ही सहा वेळा माझ्याबरोबर वर जाऊन आली. आज मी उलटा होणार होतो." ते ओव्हाळांकडे वळले. "दशरथ, तू बघितली होतीस?"

"ठेवताना बघितली."

"आणि काढताना?"

"नाही."

"विचारलं होतंस कोणाला, काढली का म्हणून?"

उपसंचालकांना बटणासाठी बाहेर उभं करणारा, सुनेच्या कानातल्या फिरकीसाठी दिल्लीच्या माणसांना खोळंबून ठेवणारा हा माणूस मान खाली घालून उभा राहिलेला सोनालीनं पहिल्यांदा पाहिला. तिला आनंद झाला. तो लपवायची तिला गरज वाटली नाही, कारण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"मी इथं फक्त तुला विचारून चढत होतो," श्रीधर म्हणाले. "घरी बायकोला सांगायचो, खाली दशरथ आहे." सुपारी त्यांनी ओव्हाळांच्या शर्टाच्या खिशात टाकली, जशी कुणाची पडलेली वस्तू त्याला परत द्यावी तशी, आणि ते बाहेर निघून गेले.

पेंडशांनी ओव्हाळांना बाजूला घेतलं. बाजू म्हणजे सोनालीपासून दोन पावलं.

"हे बघा, ओव्हाळ. शोध फिरकीचा होता. उड्डाण रद्द झालं ते फिरकीमुळे. तेवढंच दिल्लीला कळवू. बाई कंत्राटी आहेत, कंपनी बदलून देईल. तुमची मुदतवाढ माझ्या टेबलावर आहे. आमच्या हिचं नाव यात यायचं काही कारण मला दिसत नाही."

सोनालीला वाटलं, आता हा माणूस हो म्हणेल. तो नियमाचा होता. नियमानं फिरकी तिचीच होती. आणि हो म्हणाला असता तर पुढची चाळीस वर्षं त्याचा तिरस्कार करणं तिला सोपं गेलं असतं.

"फिरकी मिळालेली नाही. सुपारी मिळाली आहे," ओव्हाळ म्हणाले. "दोन्ही कळवणार."

"मग शेवटची तपासणी कोणाची होती, तेही कळवा."

"माझी. तेही कळवतो. आणि फिरकी मिळत नाही तोवर कॉकपिटच्या तळाची पट्टी उघडायची. विमान उडणार नाही."

"बायका घरात भांडतात, ते ऐकलं होतं," पेंडसे म्हणाले. "सासरे सुनेसाठी नोकरी घालवतात, हे नवीन."

"तिच्यासाठी नाही," ओव्हाळ म्हणाले, आणि ते सोनालीकडे न बघता रतनला पट्टीचे स्क्रू सोडायला सांगायला गेले.

खालची पट्टी उघडली, बाजूची उघडली. फिरकी कुठंही निघाली नाही. ती कधीच सापडली नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तपासनिसानं विमान सोडलं आणि ते विश्रांतवाडीवरून आवाज करत गेलं. उलटं झालं की नाही, ते खालून दिसलं नाही.

सुदर्शननं सोनालीला त्याच दिवशी संध्याकाळी साइटवरून काढलं आणि महिनाअखेर कंपनीतून. ओव्हाळांची मुदतवाढ आली नाही; उरलेल्या महिन्यांची रजा घेऊन घरी बसा, असं त्यांना सुचवलं गेलं. एका पगारावर कर्ज बसेना, वाकडचा फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला. प्रज्ञेश सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायचा आणि उशिरा यायचा. ओव्हरटाइम आहे म्हणायचा. खरं म्हणजे त्या घरात लवकर यावं असं कुणालाच वाटलं नसतं.

दिवसभर तिघं असत. सुंदराबाई सकाळीच बुद्धविहारात जाऊन बसू लागल्या. मग दोघंच. एकाच विमानानं घरी बसवलेली ती दोन माणसं समोरासमोर भाजी निवडायची, नाहीतर टीव्हीवर क्रिकेट बघायची आणि एकमेकांशी बोलायची नाहीत. ओव्हाळ मेथीच्या जुडीतून एकेक गवताची काडी वेगळी काढायचे. सोनाली मुद्दाम एखादी काडी निवडलेल्या मेथीत टाकायची. ते ती शोधून काढायचे. दोघांनाही ते कळत होतं.

असं पावसाळाभर चाललं. एके दुपारी ती सरळ म्हणाली, "एक विचारू? सगळ्या जगाला तुम्ही अडवता. मला अडवलं. पेंडशांच्या बायकोला का नाही अडवलं?"

त्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्या दसऱ्याला, खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी यांनी पाना हातात घेतला तर त्याच्या दातांत हळदकुंकू भरलेलं. पाना घसरेल म्हणून यांनी तो रॉकेलच्या फडक्यानं पुसला. कुणीतरी बघितलं. लोणी काळभोरचा हा पोरगा, याच्या बापानं धर्म बदलला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, आता हा आमचे देव पुसायला आलाय, असं झालं. कुणी मारलं नाही. पण वर्षभर कुणी त्यांच्याशी बोललं नाही, डबा एकट्यानं खावा लागला, आणि एकदा त्यांच्या पेटीतलं एक हत्यार नाहीसं होऊन विमानाच्या पंखात सापडलं. तेव्हापासून ते हत्यारं मोजतात.

"त्या दिवशी त्या बाई वर सुपारी ठेवत होत्या," ते म्हणाले. "मला दिसत होतं. खाली शंभर माणसं टाळ्या वाजवत होती. ओव्हाळनं वर जाऊन गणपती उचलला असता तर सुटी वस्तू उचलली असं कुणी म्हटलं नसतं."

"मग मला सांगायचं होतं ना. त्या रात्री. मी काय परकी होते? मीही त्याच समाजातली."

"तुला सांगून काय? तू खोटं बोललीस."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"हो," ओव्हाळ म्हणाले. "गप्प बसल्यानं माणूस मेला असता. तुझ्या खोट्यानंही मेला असता."

ते उठले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवाळीच्या आधी सोनालीला औंधच्या एका कंपनीकडून बोलावणं आलं. मुलाखत चांगली झाली. मग एका दुपारी घरचा फोन वाजला. ओव्हाळांनी उचलला. पूर्वीच्या नोकऱ्यांची चौकशी करणारी एक मुलगी होती, मराठीत इंग्रजी घालून बोलत होती; साइटवरचे तपासनीस म्हणून तिला कुणीतरी ओव्हाळांचा नंबर दिला होता. ती काय विचारते ते सोनालीला ऐकू येत नव्हतं. सासऱ्यांचं ऐकू येत होतं.

"हो, मी ओळखतो. मी तिथंच होतो... काढलं त्यांना. विमानात चढताना कानातले काढायचा नियम होता, तो त्यांनी मोडला. विचारल्यावर काढले होते म्हणून सांगितलं... नाही, वस्तू मिळाली नाही."

सोनाली दारात उभी होती. हात ओले होते. तो फ्लॅट गेला तशी ही नोकरीही जाणार, हे तिला दिसलं, आणि दुसरंही एक दिसलं, की हा माणूस आता ज्या आवाजात बोलतोय त्याच आवाजात त्या दिवशी पेंडशांना 'माझी' म्हणाला होता.

तिनं जाऊन त्यांच्या हातातून फोन घेतला.

"हॅलो, मी सोनाली ओव्हाळ. आत्ता बोलले ते माझे सासरे. ते म्हणाले ते खरं आहे. मी खोटं बोलले, आणि त्यांनी मला घरात जेवताना पकडलं. त्यांनाही त्याच प्रकरणात घरी बसवलं. त्यांना कशासाठी, तेही सांगते, लिहून घ्या." आणि तिनं सुपारीचं सगळं सांगितलं, पेंडशांच्या मिसेसच्या पैठणीसकट. पलीकडची मुलगी मध्ये एकदा हसली आणि मग हसायची थांबली.

ओव्हाळ खुर्चीत बसून ऐकत होते. मधेच ते उठले, सोनालीला वाटलं आता हे फोन काढून घेणार. त्यांनी गॅलरीचं दार लावलं, बाहेर रिक्षांचा आवाज फार येत होता.

तिनं फोन ठेवला.

"खुर्चीवर हळदकुंकूही वाहिलं होतं, ते राहिलं सांगायचं," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"नाही."

"मग बसा गप्प," सोनाली म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दोघांच्या चहाचं आधण ठेवलं.